जिप्सीचं १.३ इंजिन: काम ठरवण्याआधी चोवीस आकडे

मारुती जिप्सीचं १.३ लिटरचं सोळा व्हॉल्व्हचं पेट्रोल इंजिन, म्हणजे जी१३बीबी, काम करून पुन्हा उभं करण्याच्या लायकीचं आहे. त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो कधी खोलायचं आणि किती खोलायचं याचा. ज्या इंजिनाला फक्त व्हॉल्व्ह सील हवे असतात त्याचे पिस्टन बाहेर येतात, आणि ज्याचे सिलिंडर खरोखर बोअर करायला, म्हणजे आतून कापून रुंद करायला हवेत त्याला नुसत्या पिस्टन रिंगा घालून परत पाठवलं जातं. दोन्हीकडे पैसे मालकाचेच जातात. म्हणून हे परीक्षण इंजिनाचं आहे तितकंच "इंजिन काम" या नावाने गॅरेजमध्ये मिळणाऱ्या सेवेचंही आहे.

जिप्सी १९८५ मध्ये ९७० सीसीच्या इंजिनावर आली. १९९६ मध्ये जिप्सी किंगबरोबर १.३ आलं आणि २००० मध्ये त्याला मल्टिपॉइंट इंजेक्शन व सोळा व्हॉल्व्ह मिळाले, ताकद ८० अश्वशक्तीवर गेली. २०१९ मध्ये गाडी शोरूममधून गेली. म्हणजे आज रस्त्यावरची प्रत्येक जिप्सी वापरलेलीच आहे, आणि तिला पर्याय म्हणून नवी जिप्सी मिळणार नाही. दुरुस्तीचा हिशेब इथेच बदलतो. एखादी साधी जुनी हॅचबॅक इंजिन कामाच्या खर्चातच भंगारात निघते. चांगल्या चासीची जिप्सी तशी निघत नाही.

इंजिनाची रचना सरळ आहे. चार सिलिंडर, ७४ मिमी बोअर, ७५.५ मिमी स्ट्रोक, डोक्यावर एकच कॅमशाफ्ट, टायमिंग बेल्ट, स्क्रूने सेट होणारे टॅपेट (व्हॉल्व्हची फट ठरवणारे भाग). ब्लॉक आणि हेड दोन्ही ॲल्युमिनियमचे, आत बिडाच्या स्लीव्ह. हलकं, फिरायला उत्सुक, मिस्त्र्यांच्या हातातलं. कमजोरी एकच, पण मोठी: उष्णता. ॲल्युमिनियमचं हेड एकदा चांगलं तापलं की वाकतं, आणि मग हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं पॅकिंग) कितीही महागाची घाला, टिकत नाही. इंजिन म्हणून पाचपैकी साडेचार. अर्धा गुण याच कारणाने कापला.

किलोमीटर नव्हे, तास

महाराष्ट्रात हे इंजिन सर्वात कठोर परीक्षा कुठे देतं, तर ताडोबा, पेंच, मेळघाटच्या सफारी रस्त्यांवर. तिथल्या गाडीचा मीटर खोटं बोलत नाही, पण अर्धंच सांगतो. सकाळ-दुपारच्या फेरीत गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये ताशी पंधरा-वीसने चालते, वाघ दिसला की इंजिन चालूच ठेवून थांबते. सरासरी वेग ताशी १५ किमी धरला तर एक लाख किमी म्हणजे साडेसहा हजारांहून जास्त तास. हायवेवर सरासरी ५० धरली तर तेच लाख किमी दोन हजार तासांत होतात. बेअरिंग, रिंगा, ऑइल पंप यांना तास कळतात. त्यामुळे सफारीतली ८० हजार चाललेली जिप्सी ही "कमी चाललेली" गाडी नव्हे. विकत घेणाऱ्याने हा हिशेब आधी करावा.

त्यात धूळ. एप्रिल-मेमध्ये समोरच्या गाडीमागे धुळीत दिवस काढणाऱ्या इंजिनाचा एअर फिल्टर हा त्याचा प्राण असतो. फिल्टर नवा असून उपयोग नाही, फिल्टर बॉक्सपासून थ्रॉटल बॉडीपर्यंतचा रबरी पाइप वळणाच्या जागी चिरलेला असतो आणि क्लॅम्प ढिला असतो. तो पाइप काढून आतून बोट फिरवा. बोटाला धूळ लागली तर ती रोज सिलिंडरमध्ये जाते आहे, आणि सिलिंडरच्या वरच्या भागाला, जिथे पहिली रिंग वळते, तिथे पॉलिश पेपरसारखी घासते आहे. हा पाइप न बदलता केलेलं पूर्ण इंजिन काम काही हजार किमीत वाया जातं. पुन्हा ऑइल खायला लागलं की दोष रिंगांच्या कंपनीला दिला जातो.

धूर आणि आवाज काय सांगतात

निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, इतकं सगळ्यांना ठाऊक आहे. तो *केव्हा* येतो ते महत्त्वाचं. रात्रभर उभी गाडी सकाळी चालू केल्यावर एकदाच भसकन निळा धूर आला आणि मिनिटभरात गेला, तर व्हॉल्व्ह सील. घाट उतरताना पाय काढून ठेवला आणि खाली आल्यावर ॲक्सिलरेटर दाबताच मागे निळा पडदा आला, तरी सील किंवा गाइड. उतारावर थ्रॉटल बंद असताना इनटेकमध्ये ओढ जास्त असते, ती सैल सीलमधून ऑइल खेचते. पण चढावर जोर देताना सतत निळा धूर येत असेल तर संशय रिंगांवर. पांढरा, गोडसर वासाचा, इंजिन गरम झाल्यावरही न थांबणारा धूर म्हणजे कूलंट. काळा धूर इंजिनाच्या झिजेचा नाही, जास्त पेट्रोलचा आहे. त्यासाठी सेन्सर आणि इंजेक्टर बघा, पिस्टन नको.

ऑइल फिलरचं झाकण उघडून फुसफुस पाहणं आणि "बॅक कॉम्प्रेशन आलंय, इंजिन गेलं" असं जाहीर करणं, ही गॅरेजमधली सर्वात लाडकी आणि सर्वात फसवी तपासणी. पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनाच्या पोटातली वाफ इनटेककडे सोडणारा) किंवा त्याचा पाइप चोंदलेला असेल तर चांगल्या इंजिनातूनही जोरात वाफ येते, ऑइल सीलमधून गळती सुरू होते, डिपस्टिक वर उचलली जाते. आधी तो व्हॉल्व्ह काढून हलवा, आत खडखड वाजला पाहिजे. पाइप पेट्रोलने धुवा. मग पुन्हा पाहा.

झाकणाखाली दुधाळ लोणी दिसलं म्हणूनही घाबरू नये. पावसाळ्यात कोकणात दोन-तीन किमीच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत ओलाव्याने तसा थर बसतो. कूलंटची पातळी खाली जात नसेल आणि डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ असेल तर ती गाडी तासभर नीट गरम करून पळवा आणि पुन्हा बघा. कूलंट कमी होतंय आणि ऑइलही दुधाळ झालंय, तर मात्र हेड उतरवल्याशिवाय गाडी चालवूच नका. पाणी मिसळलेलं ऑइल बेअरिंग खातं, आणि मग हेडच्या कामाचं पूर्ण इंजिन काम होतं.

आवाजांत जिप्सी फसवते. ट्रान्सफर केसच्या (चारही चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) रबर माउंटिंगचे तुकडे झाले की गिअर टाकताना आणि पाय सोडताना खालून ठोका येतो, प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस सैल असला की तसाच येतो. गाडी उभी, गिअर न्यूट्रल, क्लच सुटलेला, अशा स्थितीत आवाज येत नसेल तर इंजिनाला हात लावू नका. उभ्या गाडीत खोल, जड ठोका येतो, रेस वाढवताना वाढतो, आणि एकेका सिलिंडरचा स्पार्क तोडून बघताना एका ठिकाणी तो स्पष्ट कमी होतो, तर त्या सिलिंडरचं बिग एंड बेअरिंग, म्हणजे कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडतो तिथलं बेअरिंग, गेलं. अशी गाडी ढकलत न्या, चालवत नको, कारण अजून क्रँक ग्राइंडिंगने वाचेल. थंडीत खट-खट आणि गरम झाल्यावर शांत, हा पिस्टनचा ढिलेपणा. तो वाईट दिसतो पण वर्षभर सहज निघतो. वरून टिक-टिक म्हणजे बहुधा टॅपेट. थंड इंजिनावर इनटेकची फट ०.१३ ते ०.१७ मिमी ठेवा, एक्झॉस्टची मॅन्युअल पाहून.

गेज लावल्याशिवाय निर्णय नाही

कॉम्प्रेशन गेज ही स्वस्त वस्तू आहे आणि तरीही अनेक गॅरेजमध्ये ती कपाटात पडून असते. ज्या ठिकाणी ती न वापरता "इंजिन उतरवावं लागेल" सांगितलं जातं, तिथून गाडी परत आणा. तपासणीची पद्धत नीट पाळली तरच आकड्याला अर्थ आहे. इंजिन पूर्ण गरम, बॅटरी भरलेली, टॅपेट सेट केलेले. फ्युएल पंपचा रिले काढा, इग्निशनचा कपलर सोडा. चारही प्लग बाहेर काढा, एक-एक करून नव्हे. क्लच दाबलेला, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, आणि काटा वर चढायचा थांबेपर्यंत स्टार्टर. ॲक्सिलरेटर दाबायचं विसरलं तर हवाच आत जात नाही आणि धडधाकट इंजिन मेलेलं दिसतं.

या इंजिनाला चांगला आकडा १४ किलो प्रति चौरस सेमी, म्हणजे गेजवर साधारण २०० पीएसआय. खालची मर्यादा १२ किलो, १७० पीएसआयच्या जवळपास. आणि चार सिलिंडरमधला फरक एका किलोपेक्षा जास्त नको. मी या तिसऱ्या आकड्याला सर्वात जास्त वजन देतो. १२.३, १२.२, १२.४, १२.३ असं आलेलं इंजिन दमलेलं आहे पण निरोगी आहे, चालवा. १४, १४, १०.५, १४ आलेलं इंजिन आजारी आहे, जरी गाडी अजून पळत असली तरी.

उंचीचा विचार मिस्त्री सहसा करत नाहीत. चिखलदरा अकराशे मीटरच्या वर आहे. तिथे हवाच विरळ, त्यामुळे चंद्रपुरात १४ दाखवणारं इंजिन तिथे १२ च्या थोडं वर दाखवेल. मेळघाटातल्या गाडीची तपासणी वर केली असेल तर हा फरक धरूनच बोला.

चारही आकडे सारखेच कमी आले, समजा सगळीकडे १०, तर रिंगांवर उडी मारण्याआधी टायमिंग बेल्टच्या खुणा बघा. बेल्ट एक दात सरकला की व्हॉल्व्ह चुकीच्या वेळी बंद होतात आणि चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन एकदम पडतं, पिकअपही जातो. अशा गाडीचं इंजिन खोलून नव्या रिंगा घातल्या जातात, जोडताना बेल्ट आपोआप योग्य खुणेवर बसतो, गाडी पळायला लागते, आणि श्रेय रिंगांना मिळतं.

एखादं सिलिंडर कमी आलं तर त्याच्या प्लगच्या भोकातून पोह्याच्या चमच्याने दोन चमचे इंजिन ऑइल सोडा, दोन-तीन वेळा स्टार्टर मारा, पुन्हा मोजा. आकडा चांगला वर आला तर रिंगा किंवा बोअर. हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. शेजारशेजारची दोन सिलिंडर मिळून कमी असतील तर त्यांच्या मधली गॅस्केट फुटली आहे. सीएनजी किंवा एलपीजीवर चाललेल्या गाड्यांत एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट खाली बसते, टॅपेटची फट हळूहळू शून्य होते आणि व्हॉल्व्ह बंदच होत नाही. अशा वेळी फक्त टॅपेट सेट करून कॉम्प्रेशन परत आल्याची उदाहरणं भरपूर आहेत. म्हणून टॅपेट आधी, गेज नंतर.

कॉम्प्रेसर असलेल्या गॅरेजमध्ये लीक-डाउन, म्हणजे हवा कुठून गळते याची तपासणीही करून घ्या. पिस्टन टीडीसीवर (कॉम्प्रेशनच्या वेळी सर्वात वरच्या टोकाला), गाडी गिअरमध्ये, प्लगच्या भोकातून हवा भरायची आणि ऐकायचं. ऑइल फिलरमध्ये शूSS आला तर रिंगा, सायलेन्सरमध्ये आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, थ्रॉटलमध्ये आला तर इनटेक, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट. गळती वीस टक्क्यांच्या आत असेल तर जुन्या इंजिनाबद्दल तक्रार करू नये. तीसच्या वर गेली की हेड तरी उतरतंच.

ऑइल प्रेशरसाठी डॅशबोर्डवरच्या दिव्यावर विसंबू नका. तो पेटतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. त्या दिव्याचा सेंडर (ऑइल प्रेशरचा सेन्सर) काढून तिथे यांत्रिक गेज लावा. गरम इंजिनावर ३००० आरपीएमला ३ किलोच्या वर प्रेशर मिळालं तर खालची बेअरिंगं ठीक आहेत. कमी मिळालं तर आधी ऑइल पातळ झालं आहे का, फिल्टर कसला आहे, सम्पमधली (खालच्या ऑइलच्या टाकीतली) जाळी गाळाने बुजली आहे का हे बघा. सम्प उतरवणं तुलनेने सोपं आहे आणि जाळी साफ केल्यावर प्रेशर परत येणारी इंजिनं कमी नाहीत. जुना ऑइल फिल्टर फेकू नका, कापून त्याच्या घड्या पसरा. राखाडी चिखल चालतो, तांबूस-सोनेरी चकाकी चालत नाही. ती बेअरिंगची आहे.

एक फुकटची माहितीही हाताशी असते: जुन्या पीयूसी पावत्या. हायड्रोकार्बनचा आकडा दर वेळी चढत गेला असेल तर जळणं बिघडतंय. रिंगा, व्हॉल्व्ह किंवा मिसिंग, काहीतरी सरकतंय.

ऑइल किती खातं हे अंदाजाने सांगू नये. सपाट जागी वरच्या खुणेपर्यंत भरा, हजार किमी चालवा, पुन्हा त्याच खुणेपर्यंत आणायला किती लागलं ते मोजा. हजार किमीला पाव-अर्धा लिटर म्हणजे भरत राहा, चालवत राहा. एक लिटरच्या वर गेलं तर कारण शोधून काम करा, कारण तेवढं ऑइल प्लग आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरमधला धूर स्वच्छ करणारा भाग) दोन्ही मारतं. जाड ऑइल किंवा बाटलीतली "इंजिन ट्रीटमेंट" घालून धूर दाबता येतो, गाडी विकायच्या आधी तेच केलं जातं. घेणाऱ्याने म्हणूनच थंड इंजिन चालू करून दाखवायला सांगावं.

खोललं, आता किती?

हेड उतरलं की पुढचा निर्णय नजरेने होतो आणि तिथेच सेवा घसरते. बोटाने वरची कड चाचपून "बोअर चांगला आहे" म्हणणं हे मोजमाप नव्हे. बोअर गेजने प्रत्येक सिलिंडर तीन खोलींवर, दोन दिशांना मोजायचा: क्रँकच्या लांबीच्या दिशेने आणि त्याला काटकोनात. चार सिलिंडर, सहा-सहा आकडे, एकूण चोवीस. हे चोवीस आकडे कागदावर लिहून मागा. जो लेथवाला ते न सांगता देतो, त्याच्याकडे काम द्या. वर-खाली किंवा दोन दिशांत ०.१० मिमीपेक्षा जास्त फरक निघाला तर नव्या रिंगांनी काही होणार नाही. गोल रिंग लंबगोल भोकात बसत नाही.

फरक ०.०३-०.०४ च्या घरात असेल आणि उभे ओरखडे नसतील, तर होनिंग करून (बोअरला आतून बारीक घासून) स्टँडर्ड रिंगा चालतात. रिंग बोअरमध्ये खालपर्यंत, जिथे झीज नसते तिथे सरळ ढकलून तिची फट फिलर गेजने मोजा: वरच्या रिंगला ०.२० ते ०.३५ मिमी ठीक, ०.७० ही फेकायची मर्यादा. याला गॅरेजच्या भाषेत हाफ इंजिन म्हणतात. योग्य इंजिनात ते उत्तम काम आहे, पण ज्या सहजतेने ते सुचवलं जातं त्याला मी पाचपैकी अडीचच देईन. चोवीस आकडे न बघता केलेलं हाफ इंजिन म्हणजे मजुरी दोनदा देणं.

बोअर करायचा ठरलं तर क्रम महत्त्वाचा. आधी पिस्टन विकत घ्या, ०.२५ किंवा ०.५० ओव्हरसाइझ, आणि ते लेथवाल्याच्या हातात द्या. प्रत्येक पिस्टन मायक्रोमीटरने मोजून त्याच्या मापाला त्याचा सिलिंडर कापायचा, ०.०२ ते ०.०४ मिमी मोकळीक ठेवून. "पॉइंट ट्वेंटीफाइव्ह कापून ठेवतो, पिस्टन नंतर आणा" म्हणणारा माणूस हे काम जाणत नाही. मोकळीक कमी राहिली तर मे महिन्यातल्या पहिल्याच फेरीत पिस्टन जाम होईल. जास्त राहिली तर थंडीतला खट-खट पहिल्या दिवसापासून.

क्रँकचे जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग, मायक्रोमीटरने मोजा. लंबगोलपणा ०.०१ मिमीच्या आत असेल तर ग्राइंड करू नका, नवी स्टँडर्ड बेअरिंगं पुरतात. नव्या बेअरिंगची मोकळीक प्लास्टिगेजने (दाबल्यावर किती चपटी झाली त्यावरून फट सांगणाऱ्या पट्टीने) तपासा. मेन बेअरिंगला ०.०२ ते ०.०४, बिग एंडला ०.०२ ते ०.०५ मिमी. ही पट्टी काही रुपयांची असते आणि तिच्यासाठी अर्धा तास जातो. तरीही बहुतेक ठिकाणी क्रँक हाताने फिरवून "फ्री आहे" म्हटलं जातं. ग्राइंडिंग केलं असेल तर क्रँकच्या ऑइलच्या भोकांतून तार आणि रॉकेल घालून कापलेल्या लोखंडाचा चुरा काढलाच पाहिजे. नवं इंजिन शंभर किमीत बेअरिंग खातं त्यामागे बरेचदा हा चुराच असतो.

हेड सरळ पट्टी आणि फिलर गेजने तपासा. ०.०५ मिमीच्या वर वाक असेल तर फेसिंग, म्हणजे पृष्ठभाग कापून सपाट करणं. एकदा-दोनदा फेस झालेलं हेड पुन्हा पुन्हा कापू नये. व्हॉल्व्ह ग्राइंडिंग-लॅपिंग, सील आणि गाइड या कामाला मी पाचपैकी चार देतो. या इंजिनाच्या धुराच्या तक्रारींतला मोठा भाग तेवढ्यानेच मिटतो. हेडचे बोल्ट मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने, शेवटी साधारण ६८ न्यूटन-मीटरला. टॉर्क पाना नसेल तर ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमधले आटे जातात आणि मग हेलिकॉइल (तारेचे नवे आटे) बसवत बसावं लागतं.

इंजिन बाहेर आहेच तर टायमिंग बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप, क्रँकचे पुढचे-मागचे सील आणि क्लच प्लेट यांवर कंजूषी नको. थर्मोस्टॅट काढून टाकून "इंजिन थंड राहतं" असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. थंड इंजिन जास्त पेट्रोल घेतं, ते ऑइलमध्ये उतरतं आणि बोअर धुऊन काढतं. सफारीतल्या गाडीत फॅनचा क्लच नक्की तपासा. हायवेवर वाऱ्याने तापमान ठीक राहतं आणि जंगलात काटा चढतो, तर गुन्हेगार बहुधा तोच. इंजिन कशामुळे गेलं याचं उत्तर न शोधता जोडलेलं इंजिन त्याच कारणाने पुन्हा जातं.

कोटेशन तीन भागांत मागा: सुटे भाग, लेथ, मजुरी. एकच गोळा आकडा घेतला की स्वस्त रिंगा आणि स्थानिक गॅस्केट त्यात कधी शिरले ते कळत नाही. जुने पिस्टन आणि बेअरिंग परत घ्यायचे, हे आधीच सांगून ठेवा.

जुन्या बाजारातलं इंजिन, आणि कागद

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा इतर भंगार बाजारात तयार इंजिन मिळतं, आठवड्याऐवजी दोन दिवसांत गाडी रस्त्यावर येते. तरी मी त्याला पाचपैकी दोनच देतो. बाकावर ठेवलेल्या इंजिनावर कॉम्प्रेशन नीट गरम करून मोजता येत नाही, ते तापलं होतं का हे रंग सांगत नाही. शिवाय इंजिन नंबर ब्लॉकवर असतो. बोअर केला तरी नंबर तोच राहतो. ब्लॉक बदलला की तो बदल आरटीओत नोंदवून आरसीवर आणावाच लागतो, आणि त्यासाठी त्या इंजिनाच्या मूळ गाडीचे कागद लागतात. ते विक्रेत्याकडे नसतील तर व्यवहार करू नका. अपघाताच्या दाव्याच्या वेळी आणि फेरनोंदणीच्या तपासणीत हाच नंबर पहिल्यांदा पाहिला जातो.

पंधरा वर्षं उलटलेली गाडी असेल तर इंजिनावर पैसे टाकण्याआधी चासी बघा. एप्रिल २०२२ मध्ये कारच्या फेरनोंदणीचं शुल्क ५,००० रुपये झालं, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाडीसाठी ते १०,००० झालं, वर फिटनेस आणि राज्याचा पर्यावरण कर. कोकणात आणि गोव्यात खाऱ्या हवेत राहिलेल्या जिप्सीच्या चासीवर, विशेषतः मागच्या पाट्याच्या हँगरजवळ आणि बॉडी माउंटच्या खाली, हातोडी हलकी ठोकून पाहा. टण् आवाज आला तर इंजिन काम करा. बद आवाज आला किंवा पापुद्रा पडला तर आधी चासीचं बघा, कारण ती गाडी कितीही चांगलं इंजिन टाकून पास होणार नाही.

काम झाल्यावर पहिल्यांदा चालू करताना प्लग काढून, पेट्रोल बंद ठेवून, ऑइल प्रेशर येईपर्यंत स्टार्टर फिरवा. मग चालू केल्यावर तासभर आयडलवर उभी ठेवू नका. नव्या रिंगांना बसायला थोडा भार लागतो. पहिले हजार किमी साधं मिनरल ऑइल, ३०००-३५०० आरपीएमच्या आत, वेग सतत बदलत, चढावर गिअर खाली घेत. पाचशे किमीला ऑइल आणि फिल्टर बदला, फिल्टर कापा. पहिल्या वेळी बारीक चकाकी असणारच. हजारला पुन्हा बदलून पुन्हा कापा, टॅपेट सेट करा, कॉम्प्रेशन मोजा आणि चारही आकडे गाडीच्या कागदांसोबत ठेवा. दुसऱ्या फिल्टरमध्येही पहिल्याइतकीच चकाकी असेल तर गाडी परत लेथवाल्याकडे न्या, त्या चोवीस आकड्यांच्या कागदासह.